कृपादानं देव पुरवतो यावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं

मे महिन्यात तरुणांचे कॅम्प होतात, त्याच सुमारास पेन्टेकॉस्टचा रविवार येतो, पवित्र आत्म्यावर एकदोन जोरदार संदेश होतात, आणि मग कुणीतरी हमखास बाजूला घेऊन हळूच विचारतं, माझ्याकडे कुठलं कृपादान आहे ते कसं कळणार? कृपादान म्हणजे सगळ्यांच्या हिताच्या कामासाठी पवित्र आत्मा माणसाला देतो ती क्षमता. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी असते हो. बरोबरच्या मुलाला गाता येतं, कुणाला प्रार्थना करायला उभं केलं की सगळी मंडळी शांत होते, कुणी आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या अन्य भाषेत बोलतं, आणि माझ्यात तर काहीच दिसत नाही, म्हणजे देव माझ्यावर नाराज आहे का, माझा विश्वासच कच्चा आहे का, असं ते सगळं मनात साचलेलं असतं.

हा विषय माझ्या फार जवळचा आहे कारण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कितीतरी चांगली माणसं फक्त या एका काळजीपायी वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहतात. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी दान शोधत बसू नका, देवाने समोर कुठलं काम आणून ठेवलंय ते बघा, त्या कामासाठी त्याच्याकडे मागा आणि कामाला हात घाला. काम त्याचं असेल तर त्यासाठी लागणारं दान पुरवणं ही त्याचीच जबाबदारी आहे, मग ते तो तुमच्यात पुरवेल किंवा तुमच्या शेजारी बसणाऱ्या माणसात.

आधी वचन उघडा

बायबलमध्ये कृपादानांच्या याद्या मुख्यतः चार ठिकाणी आहेत. रोमकरांस पत्राचा १२ वा अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा १२ वा, इफिसकरांस पत्राचा ४ था आणि पेत्राच्या पहिल्या पत्राचा ४ था. एका बैठकीत चारही वाचून होतात. वाचताना वहीत शेजारी शेजारी लिहून काढा, कारण लिहिल्यावरच एक गोष्ट डोळ्यात भरते, या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. करिंथकरांना लिहिताना प्रेषित पौल निरोगी करण्याची दानं, अद्भुत कार्यं, निरनिराळ्या भाषा, भाषांचा अर्थ सांगणं असं सगळं लिहितो, आणि तोच पौल रोमकरांना लिहिताना सेवा, शिक्षण, बोध, औदार्याने देणं, पुढारीपण आणि हसतमुखाने दया करणं यांची नावं घेतो. पेत्र तर दोनच भाग करतो, बोलणारे आणि सेवा करणारे, बस. म्हणजे यांना पूर्ण यादी देऊन त्यातलं आपापलं निवडा असं सांगायचंच नव्हतं असं मला अगदी ठाम वाटतं.

नेटवर कृपादान ओळखण्याच्या प्रश्नावल्या मिळतात, भरपूर प्रश्न असतात आणि शेवटी मार्क येतात. भरायची तर भरा, काही बिघडत नाही, पण एवढं लक्षात ठेवा की ती प्रश्नावली तुम्हाला आजवर काय आवडलं आणि काय जमलं तेवढंच सांगू शकते. उद्या देव तुमच्यासमोर काय आणून ठेवणार आहे ते तिला माहीत नाही.

१ करिंथकरांस १२ मधली दोन वचनं मात्र पाठच करा, ७ वं आणि ११ वं. सातव्यात दान कशासाठी ते आहे, सगळ्यांच्या हितासाठी. अकराव्यात देणारा कोण ते आहे, आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे प्रत्येकाला वाटून देतो. ही दोन वचनं मनात बसली की निम्मी काळजी तिथेच उतरते, कारण वाटणारा तो आहे आणि कशासाठी वाटायचं तेही त्यानेच ठरवलंय.

आणि बसालेलची गोष्ट वाचा, निर्गम ३१. आपल्याकडे या माणसावर संदेश फार कमी होतात याचं मला नेहमी वाईट वाटतं. देव मोशेला सांगतो की यहूदाच्या वंशातल्या बसालेलला मी नाव घेऊन बोलावलंय आणि देवाच्या आत्म्याने भरलंय, आणि भरलंय कशासाठी, तर सोनं, रुपं, पितळेचं काम करायला, रत्नांना पैलू पाडायला, लाकडाचं कोरीवकाम करायला. देवाच्या आत्म्याने भरलेला माणूस म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर माइक हातात घेतलेला माणूस येतो, इथे हातात छिन्नी आहे. त्याच्या जोडीला दान नावाच्या वंशातला अहलियाब दिला, आणि ३५ व्या अध्यायात असंही आहे की या दोघांना दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीपण देवाने दिली. आता क्रम बघा. २५ व्या अध्यायापासून देव उपासनेचा मंडप कसा बांधायचा, कोश केवढा, पडदे कसे, दीपवृक्ष कसा हे बारकाईने सांगत येतो, आणि सगळं काम सांगून झाल्यावर ३१ व्यात म्हणतो की माणूस मी तयार ठेवलाय. आधी काम, मग कामासाठी दान. हा क्रम आपण उलटा करतो आणि मग अडकतो.

समोरची गरज कशी बघायची

हे अगदी प्रॅक्टिकल आहे. पुढचे काही रविवार उपासनेला जाताना एवढंच ठरवून जा की आज मी बघणार. घरी आल्यावर मोबाईलच्या नोट्समध्ये दोनचार ओळी टाका. काय दिसेल? उपासना सुटते, सगळे ओळखीच्या लोकांशी गप्पा मारत उभे राहतात, आणि एखादी नवीन बाई मुलीचा हात धरून गेटपाशी जरा रेंगाळते, कुणीतरी बोलेल म्हणून इकडे तिकडे बघते, मग रिक्षाला हात करते. एक आजोबा गीताच्या वेळी पुस्तक हातात धरून नुसते उभे असतात कारण अक्षर दिसत नाही. संडे स्कूलची मोठी मुलं वर्गात न जाता मागे पार्किंगमध्ये असतात. हार्मोनियमवाले काका आजारी पडले की गाणं उचलणारं कुणी नसतं. अर्पणाचा हिशोब एकच माणूस किती वर्षं बघतोय आणि तो थकलाय हे कमिटीच्या मीटिंगमध्ये कुणीच बोलत नाही. मंडळीबाहेरसुद्धा बघा, सोसायटीत, ऑफिसात, हॉस्टेलवर, कारण देवाचं काम कंपाऊंडच्या भिंतीपाशी थांबत नाही.

या सगळ्या गरजा तुमच्यासाठी नसतात, पण एखादी अशी असते की ती मनातून जात नाही. इतर लोक तिच्यावरून सहज पुढे जातात आणि तुम्हाला मात्र रात्री जेवताना ती आठवते. तिथे थांबा, तिथेच प्रार्थना सुरू करा.

प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये हेच झालंय. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर सुरू झाली. जेवणाचा प्रश्न, भांडणाचा प्रश्न, फार काही आध्यात्मिक वाटावं असं त्यात काहीच नाही. तरी प्रेषितांनी त्यासाठी निवडायला सांगितलेली सात माणसं कशी, तर आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण. त्यातला स्तेफन पुढे काय ताकदीने बोलला ते ७ व्या अध्यायात आहे, आणि फिलिप्प तर ८ व्या अध्यायात शोमरोनात सुवार्ता सांगताना दिसतो, पुढे २१ व्या अध्यायात त्याला सुवार्तिक हेच नाव पडलंय. सुवार्तिक म्हणून त्याला कुणी नेमलं नव्हतं, त्याला जेवण वाटायला नेमलं होतं! जे काम समोर आलं ते त्याने केलं आणि देवाने दान वाढवत नेलं.

मागताना काय मागायचं

मागायचंच, लाजायचं नाही. याकोब १:५ मध्ये सरळ लिहिलंय की कुणी ज्ञानाने उणा असेल तर त्याने देवाकडे मागावं, तो दोष न लावता सढळ हाताने देतो. लूक ११ मध्ये प्रभू येशू विचारतो की मुलाने अंडं मागितलं तर कुठला बाप त्याला विंचू देईल, आणि मग म्हणतो की तुमचा स्वर्गातला पिता मागणाऱ्यांना पवित्र आत्मा किती तरी जास्त देईल. पौलही १ करिंथकरांस १४ च्या पहिल्याच वचनात आत्मिक दानांची उत्कंठा धरायला सांगतो. तेव्हा दान मागणं म्हणजे हाव आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते मनातून काढून टाकावं.

फक्त मागण्याची पद्धत बदला. दानाचं नाव घेण्याआधी गरजेचं नाव घ्या, माणसाचं नाव घ्या. शलमोनाने गिबोनात काय मागितलं बघा, १ राजे ३, त्याने मी मोठा ज्ञानी होऊ दे असं मागितलं नाही, तो म्हणाला की ही तुझी एवढी मोठी प्रजा, मला यांचा न्याय करायचाय आणि मला तर काही कळत नाही, म्हणून समजणारं मन दे. काम समोर ठेवून मागितलं, आणि हे मागणं देवाला आवडलं असं वचनातच लिहिलंय.

तर आपली प्रार्थना साधारण अशी होऊ शकते. प्रभू, सातवी आठवीची ही मुलं वर्गात बसत नाहीत, मला त्यांची काळजी वाटते, मला शिकवता येतं का ते मला माहीत नाही, पण यांना तुझी ओळख व्हावी अशी तुझी इच्छा आहे हे मला माहीत आहे, यासाठी जे लागेल ते दे, माझ्यात दे किंवा कुणाला तरी पाठव, आणि येत्या रविवारी मी पहिलं काय करू ते दाखव. बस, एवढी साधी. आवाज चढवायची गरज नाही, मोठे शब्द नकोत. उपास करायचा असेल तर जरूर करा, पण उपास म्हणजे देवावर टाकलेलं प्रेशर नाही हे लक्षात असू दे.

आणि एकटेच मागू नका, दोघातिघांना सांगा. घरप्रार्थनेत विषय म्हणून द्या. इथे लोकांना संकोच वाटतो, आजारपण, नोकरी, मुलीचं लग्न हे विषय आपण मोकळेपणाने देतो पण मला सेवा करायची आहे त्यासाठी प्रार्थना करा हे म्हणायला जीभ उचलत नाही. म्हणा.

मग हात घालायचा

भरवसा म्हणजे दान येईपर्यंत हात बांधून बसणं असं बरेच जण समजतात. माझ्या डोळ्यासमोर याबाबतीत कायम पंडिता रमाबाई असतात. त्यांच्याबद्दल बोलताना आपण १९०५ च्या मुक्तीतल्या, म्हणजे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या, जागृतीबद्दल भरभरून बोलतो, आणि बोललंच पाहिजे, त्या वर्षी जानेवारीपासून तिथे रोज प्रार्थनेला बायका आणि मुली जमत होत्या आणि जूनमध्ये पवित्र आत्म्याचं जे काम झालं त्याची बातमी जगभर गेली. पण त्याआधीची वर्षं बघा. तरुणपणीच दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेले, म्हणजे भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा, मग ती पुण्याला हलली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. कुठे ठेवायचं, काय खायला घालायचं हा प्रश्न मुली आल्यावर सुटत गेला, दौंडजवळच्या केडगावला जमीन होती तिथे राहायची सोय उभी राहिली आणि काही वर्षांत तिथली संख्या हजाराच्या वर गेली. त्या मुलींना आंघोळ घालणं, खाऊ घालणं, लिहायला शिकवणं, विणकाम शिकवणं, हे सगळं आत्म्याचंच काम होतं की.

आणि बायबलचं भाषांतर. रमाबाईंना संस्कृत लहानपणी आईकडून मिळालं होतं, ख्रिस्त भेटायच्या कितीतरी आधी, १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता म्हटलं ते त्याच विद्येसाठी. पुढे त्यांच्यासमोर गरज उभी राहिली ती वेगळीच, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला वाचून समजेल अशा सोप्या मराठीत देवाचं वचन हवं होतं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक लागणार होतं, तर त्या वयात त्या ते शिकल्या. अनेक वर्षं त्या कामाला बसल्या, छापखाना मुक्तीतलाच, टाइप जुळवणाऱ्या तिथल्याच मुली. ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूकडे गेल्या तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं, आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. आता यात भाषेचं दान कुठलं आणि मेहनत कुठली असं वेगळं करून दाखवता येईल का? मला नाही वाटत. आधीपासून जवळ असलेलं, नवीन शिकलेलं, मागून मिळालेलं आणि दुसऱ्यांच्या हातून आलेलं असं सगळं देवाने एका कामात वापरलं.

म्हणून लहान सुरुवात करा पण खरी करा. मुलांना शिकवायचं मनात आलंय तर संडे स्कूलच्या बाईंना विचारून एका वर्गात आधी नुसते बसा. मग एक गोष्ट मागून घ्या, समजा जक्कयाची. आठवडाभर रोज ती लूक १९ मधून वाचा, शनिवारी भाजी निवडता निवडता मोठ्याने स्वतःशीच सांगून बघा, कुठे अडखळता ते तिथेच कळतं. गोष्ट पाच मिनिटांची ठेवा आणि शेवटी मुलांना एकच प्रश्न विचारा, आणि ते काय बोलतात ते ऐका, मध्ये तोडू नका. आजाऱ्यांकडे जायचं मनात असेल तर जाताना कुणाला तरी बरोबर घ्या, दहा मिनिटं बसा, त्यांना बोलू द्या, स्तोत्र १२१ वाचा, छोटी प्रार्थना करा, आणि औषधं संपलीत का, रिपोर्ट आणायला कुणी आहे का हे विचारून निघा. आमच्या मंडळीत एक मावशी आहेत त्या कधी पुढे उभ्या राहून बोलल्या नाहीत, पण कुणाचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन हॉस्पिटलच्या वॉर्डात हजर, पेशंटबरोबर रात्रभर बसलेल्या माणसाला म्हणतात जा तू घरी आंघोळ करून ये मी बसते. रोमकरांस १२ मधलं दया करण्याचं दान कसं दिसतं हे बघायचं असेल तर त्या वॉर्डात जाऊन बघावं.

हे दान देवाकडूनच आहे हे कशावरून

काही महिने काम केल्यावर हा प्रश्न येतो आणि तो यायलाच हवा. माझ्या मते सगळ्यात विश्वासू खूण म्हणजे दुसऱ्यांना त्यातून काही मिळतंय का. मुलं पुढच्या रविवारी परत येतात का, आजारी माणूस पुन्हा कधी येशील विचारतो का, हिशोब बघायला घेतल्यावर कमिटीतली भांडणं कमी झाली का. आपल्याला मजा येते की नाही ही खूण त्यामानाने कच्ची आहे, दान असलेल्या कामातही थकवा येतो, रडू येतं.

दुसरं, अनुभवी माणसांना विचारा. पाळकांना, वडीलजनांना, घरातल्या आजीला. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याला त्याच्यातलं दान पौलाने हात ठेवले तेव्हा मिळालं आणि ते प्रज्वलित कर असं पौलाला पुन्हा पत्रातून सांगावं लागलं, २ तीमथ्य १:६. म्हणजे मिळालेलं दानही मंद होऊ शकतं, त्याला फुंकर घालायला दुसरं माणूस लागतं. आणि चूक दाखवणारंही लागतं. अपुल्लो काय सुंदर बोलायचा, शास्त्रात निपुण, तरी इफिसात अक्विला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोने त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला, आणि त्याने तो ऐकून घेतला. चारचौघात पाणउतारा केला नाही, घरी नेलं. हे मला फार आवडतं.

आणि तिसरं प्रीती. १ करिंथकरांस पत्राचा १३ वा अध्याय आपण लग्नात वाचतो, पण पौलाने तो १२ आणि १४ च्या मधोमध ठेवलाय, दानांच्या चर्चेच्या अगदी मध्यावर. ज्या दानामुळे तुम्ही घरच्यांशी तुसडेपणाने वागायला लागलात, दुसऱ्या मंडळीतल्या लोकांना कमी लेखायला लागलात, तिथे थांबून तपासा.

इथे जरा सावधपण सांगते. कुणी पैसे घेऊन दान उतरवतो म्हणत असेल, एवढी फी भरा आणि अभिषेक घ्या, तर प्रेषितांची कृत्ये ८ काढा, शोमरोनातल्या शिमोनाने प्रेषितांसमोर पैसे ठेवले तेव्हा पेत्र त्याला काय बोलला ते वाचा. कुणी तुमच्याबद्दल देवाचा म्हणून संदेश सांगितला तर १ करिंथकरांस १४:२९ प्रमाणे बाकीच्यांनी तो पारखायचा आहे, पारखणं म्हणजे अविश्वास नाही. अन्य भाषा सगळ्यांनाच आल्या पाहिजेत असं कुणी दडपण आणत असेल तर १२:३० मध्ये पौल विचारतो की सगळेच विशेष भाषा बोलतात काय, त्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. उलट कुणाला ते दान मिळालं असेल तर त्याची टिंगलही नको, १४:३९ मध्ये पौलाने मना करू नका असं सांगितलंय. या बाबतीत आपल्या मंडळ्यांमध्ये वेगवेगळी मतं आहेत आणि ती राहतील, तरी एकमेकांच्या घरी चहा प्यायला जाता आलं पाहिजे. वसईकडच्या कॅथलिक घरांत दृढीकरणाच्या, म्हणजे कन्फर्मेशनच्या विधीच्या, तयारीत मुलं यशया ११ वरून पवित्र आत्म्याची सात दानं शिकतात, ज्ञान, समज, धैर्य, देवाचं भय वगैरे, ती यादी आपण क्वचित उघडतो पण मला वाटतं उघडावी.

आणि हे तर अगदी हात जोडून सांगते, निरोगीपणासाठी प्रार्थना झाली म्हणून बीपी शुगरच्या गोळ्या, टीबीचा कोर्स, मनाच्या आजाराची औषधं स्वतःहून बंद करू नका आणि कुणाला करायला सांगू नका. पौलाच्या हातून किती लोक बरे झाले, तरी त्याने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, १ तीमथ्य ५:२३, आणि त्रफिम या सहकाऱ्याला मिलेतात आजारी असताना सोडून यावं लागलं, २ तीमथ्य ४:२०. प्रार्थना करा, तेल लावा, आणि डॉक्टरकडेही न्या.

दान दुसऱ्याच्या हातात असतं तेव्हा

भरवशाची खरी परीक्षा इथे होते असं मला वाटतं. आपण मागतो मला दे, आणि देव देतो शेजारच्याला. मोशे म्हणाला मी जड जिभेचा, मला बोलता येत नाही, देवाने त्याची जीभ ताबडतोब सैल केली असं वाचायला मिळत नाही, त्याने अहरोनाला पाठवलं. पुढे गणना ११ मध्ये मोशे लोकांच्या ओझ्याने इतका दमला की मला मारून टाक म्हणाला, तेव्हा देवाने सत्तर वडील निवडायला लावले आणि मोशेवर असलेल्या आत्म्यातून त्यांना दिलं. एल्दाद आणि मेदाद छावणीतच संदेश द्यायला लागले, यहोशवाला ते खटकलं, तर मोशे म्हणतो सगळेच लोक संदेष्टे असते तर किती बरं झालं असतं. स्वतःचं काहीतरी कमी झालं असं त्याला वाटलंच नाही.

आपल्याकडे छोट्या मंडळ्यांमध्ये पाळकसाहेब उपदेश करतात, आजाऱ्यांकडे जातात, हिशोब बघतात, लग्नं जुळवतात, गळणारी पत्र्याची शेडपण तेच दुरुस्त करून घेतात, आणि मग सगळे म्हणतात मंडळीत दानं नाहीत. दानं आहेत हो, त्यांना काम कुणी दिलेलं नाही. तुम्ही पाळक किंवा कमिटीवर असाल तर लोकांना बोलावून स्पष्ट सांगा की अमुक एक गोष्ट तुम्ही बघा. नर्स असलेली ताई, बँकेत असलेला दादा, शिलाई मशीन चालवणाऱ्या काकू, यांना कुणी कधी विचारलेलंच नसतं. यापोत दुर्कस होती, ती गेली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं दाखवत होत्या, प्रेषितांची कृत्ये ९. सुईदोऱ्याचीही देवाच्या घरात एवढी किंमत आहे.

आणि तुम्हाला ज्या कामासाठी दान हवं होतं ते दुसऱ्याला मिळालं तर त्याच्यासाठी दर आठवड्याला नाव घेऊन प्रार्थना करा. सुरुवातीला जड जातं. करत राहा, काही दिवसांनी त्याच्या कामात आनंद वाटायला लागतो.

आणि नाहीच मिळालं तर

असंही होतं. मागितलं, काम सुरू केलं, वर्ष गेलं, तरी जमत नाही. तेव्हा दोन गोष्टी तपासा. एक, काम चुकीचं नसेल पण जागा चुकीची असू शकते, मोठ्यांच्या बायबल स्टडीत गडबडणारा माणूस एका नवीन विश्वासणाऱ्याला घरी बसून छान शिकवतो असं कितीदा दिसतं. दोन, देव कदाचित तुम्हाला दानाऐवजी त्या दुर्बळपणातच सांभाळून नेतोय. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे एवढं उत्तर आलं, आणि ते उत्तर घेऊन पौल कामावर गेला. हे वाचायला सोपं आहे, जगायला कठीण आहे, हे मला माहीत आहे, म्हणून अशा वेळी एकटं राहू नका, कुणाला तरी फोन करा.

काम बदलायचं ठरवलं तर शांतपणे बदला, वर्ग अर्ध्यावर टाकून गायब होऊ नका, जबाबदारी दुसऱ्याच्या हातात नीट देऊन, चार रविवार त्याच्याबरोबर राहून मग सोडा. आणि एखादं दान ठराविक काळासाठीच असतं हेही धरून चाला, लहान मुलं घरात असताना जे जमत होतं ते पन्नाशीत बदलतं, पन्नाशीत नवीनच काहीतरी सुरू होतं.

येत्या रविवारी उपासना सुटल्यावर पाळकांना किंवा महिला मंडळाच्या ताईंना गाठा. माझ्यात कुठलं दान आहे हे विचारू नका, एवढंच विचारा की या महिन्यात मंडळीत कुठलं काम माणसाअभावी अडलंय. त्या जे सांगतील ते लिहून घ्या, घरी येऊन त्यावर प्रार्थना करा, आणि बुधवारच्या आत त्यांना फोन करून हो की नाही ते कळवा.